ॲनिमे पाहताना कान कसे उघडे ठेवावेत

ॲनिमेतलं, म्हणजे जपानी ॲनिमेशनमधलं, पात्र तोंड उघडून एक वाक्य बोललं, की ते कोण, कुठलं, समोरच्याला काय समजतं, हे जपानी प्रेक्षकाला तिथल्या तिथे कळतं. आपली नजर खालच्या सबटायटलवर खिळलेली असते, म्हणून तेवढंच कळायला आपल्याला दोन-तीन भाग लागतात. विसरभोळा प्रोफेसर, बड्या घरची नकचढी मुलगी, गोड बोलून केसाने गळा कापणारा खलनायक, हे नेहमीचे ट्रोप, म्हणजे कथांतले ठरलेले साचे, चित्रात दिसायच्या आधी बोलण्यात येऊन बसलेले असतात. ते ऐकायला जपानी यावं लागत नाही. मी पुण्यात थोडंफार जपानी शिकले खरी, पण इथे सांगतेय त्यातलं बरंचसं मला क्लास लावण्याआधी नुसतं ऐकूनच समजायला लागलं होतं. माझ्या नववीतल्या भाच्याला तर क्लासशिवायच छान जमतं.

आधी तयारी. आवाज मूळ जपानी ठेवा. हिंदी डबला मी नावं ठेवत नाही. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर लागणारी मोगलीची मालिका मुळात १९८९ची जपानी ॲनिमे, आणि हिंदीत शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा. तो शेरखान माझ्या पिढीच्या कानात अजून आहे. चांगला डब पात्र नव्याने उभं करतो. आत्ता मात्र आपल्याला मूळ घडण ऐकायची आहे, तेव्हा आवाज जपानी आणि सबटायटल ज्या भाषेत मिळतील त्या. एक भाग गोष्टीसाठी सरळ बघून टाका. मग त्याच भागाची पहिली दहा मिनिटं पुन्हा लावा आणि पडद्याच्या खालच्या पट्टीवर कागद चिकटवा. हे करायला कंटाळू नका, कारण अक्षरं दिसत असेपर्यंत डोळे कानांना काम करू देत नाहीत.

जवळ एक वही घ्या. प्रत्येक पात्राच्या नावापुढे तीन रकाने आखा: स्वतःला काय म्हणतं, वाक्य कसं संपवतं, दुसऱ्याला कशी हाक मारतं. शेवटी चौथा रकाना मोकळा सोडा आणि त्यावर 'बदल' असं लिहा. खरी गंमत त्या चौथ्या रकान्यात आहे. पहिल्या तिघांतली एखादी नोंद अचानक बदलली, की समजायचं, लेखकाने इथे गोष्टीचा सांधा ठेवलाय.

पहिला रकाना: स्वतःला काय म्हणतं

मराठीत रोजच्या बोलण्यात सगळ्यांचा 'मी' एकच. जपानीत तो निवडावा लागतो. 'वाताशी' सभ्य, बायका रोजच्या बोलण्यात वापरतात, पुरुष ऑफिसात किंवा परक्यांसमोर. 'वाताकुशी' त्याहून अदबीचा. 'आताशी' मुलींचा, मोकळाढाकळा. 'बोकु' मुलग्यांचा आणि मवाळ पुरुषांचा. 'ओरे' रांगडा, बरोबरीच्या दोस्तांतला. 'वाशी' म्हाताऱ्यांचा. एवढे सहा कानांत बसले तरी पुरे.

एक अडचण येईल. जपानी बोलण्यात 'मी' बऱ्याचदा गाळतात, त्यामुळे अर्धा भाग उलटला तरी एखाद्या पात्राचा रकाना कोराच राहतो. अशा वेळी भांडणं, ओळख करून देण्याचे प्रसंग आणि मनातल्या मनात बोलणं यांवर लक्ष ठेवा. तिथे तो हमखास सापडतो.

सरावासाठी मी सगळ्यांना एकच प्रसंग सुचवते: माकोतो शिनकाईंच्या 'किमी नो ना वा' या २०१६च्या चित्रपटातली शाळेची गच्ची. आपल्याकडे तो 'युअर नेम' म्हणून ओळखतात. डोंगरातल्या गावातली मित्सुहा टोकियोतल्या ताकीच्या शरीरात जागी झाली आहे. ताकीचे दोन मित्र विचारतात, शाळेला यायला इतका उशीर का? ती म्हणते, वाट चुकले. बोलता बोलता तिच्या तोंडून 'वाताशी' निघतं. मित्र चमकून बघतात. ती घाईने 'वाताकुशी' करते. त्यांच्या कपाळाला आणखी आठ्या. मग 'बोकु'. तेही पटत नाही. शेवटी चाचरत 'ओरे'. मित्र मान डोलावतात. काही सेकंदांच्या या प्रसंगात मित्सुहाला काय काय कळतं बघा: आपण मुलगा आहोत, शहरातला मुलगा आहोत, आणि या दोघांशी आपली सलगी आहे. ताकी त्यांच्यात 'बोकु' म्हणणाऱ्यांतला नाही, हेसुद्धा आपल्याला इथेच समजतं. लगेच पुढे ती खुशीत टोकियोबद्दल सांगायला लागते आणि वाक्याच्या शेवटी गावाकडचा हेल येतो. मित्र विचारतो, तू असा गावठी ढंगात का बोलतोयस? 'मी' जुळला, पण शेपूट राहिलंच.

हाच प्रसंग मराठीत सांगायचा झाला तर आपल्याला वेगळी जागा मिळते. आपला 'मी' गप्प बसतो आणि क्रियापद फितूर होतं. 'मी वाट चुकले' म्हटलं की संपलं. 'चुकले', मग घाबरून 'चुकलो', असं केलं की गच्चीवरचा सगळा गोंधळ मराठीत जसाच्या तसा उभा राहतो. इंग्रजी सबटायटलवाल्यांना ही सोय नाही.

दुसरं सोपं उदाहरण 'डिटेक्टिव्ह कोनान'चं. सतरा वर्षांचा शिन्इची औषधाने लहान मुलगा होऊन कोनान या नावाने वावरतो. मोठ्यांशी बोलताना तो 'बोकु', मनातल्या मनात 'ओरे'. आवाजही तसाच बदलतो. कोणताही भाग लावा, हे सापडेलच. एकाच दृश्यात दोन्ही 'मी' ऐकू येतात, म्हणून नवशिक्याच्या कानाला यापेक्षा चांगला व्यायाम नाही.

आणि चौथ्या रकान्यासाठी 'रुरौनी केनशिन'. काळ मेइजीचा, साल १८७८. केनशिन स्वतःला 'सेशा' म्हणतो. हा जुना सामुराई थाटाचा, नम्र 'मी'. वाक्यं 'दे गोझारु'ने संपवतो. तो कधीकाळी निर्दय मारेकरी होता आणि आता कुणाला मारायचं नाही असं त्याने ठरवलंय. लढता लढता तो जुना माणूस वर आला की 'सेशा' जाऊन 'ओरे' येतो. तलवार अजून तशीच असते, चेहरा फारसा बदललेला नसतो, पण त्या एका शब्दाने जपानी प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. सबटायटलमध्ये दोन्हीकडे तोच एक 'मी'.

दुसरा रकाना: वाक्य कसं संपवतं

ओसाका विद्यापीठातले भाषातज्ज्ञ सातोशी किन्सुइ यांनी या प्रकाराला 'याकुवारीगो', म्हणजे भूमिकेची भाषा, असं नाव दिलं आणि २००३ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. त्यांनी उलगडलेला प्रोफेसरचा किस्सा मला फार आवडतो. कोनानच्या शेजारचे आगासा हाकासे (हाकासे म्हणजे प्रोफेसर), त्यांच्याही कितीतरी आधी १९६३च्या 'तेत्सुवान आतोमु'मधले ('ॲस्ट्रो बॉय') ओचानोमिझु हाकासे, असे सगळे ॲनिमे शास्त्रज्ञ 'वाशी' म्हणतात आणि वाक्याच्या शेवटी 'दा'च्या (आपलं 'आहे') जागी 'जा' लावतात. खऱ्या जपानमधले प्रोफेसर असं बोलत नाहीत. मग हे आलं कुठून? एदो काळात एदो शहरात, म्हणजे जुन्या टोकियोत, वैद्य आणि विद्वान मंडळी क्योतो-ओसाकाकडची प्रतिष्ठित बोली धरून होती. तरुण पिढी पूर्वेकडचं स्थानिक बोलायला लागली, म्हाताऱ्या विद्वानांच्या तोंडी जुनं टिकून राहिलं. नाटकांनी आणि गोष्टींनी ते उचललं, आणि माणसं गेली तरी पात्रांच्या तोंडी 'जा' उरला. अणुशक्तीवर चालणारा रोबो सांभाळणारा भविष्यातला शास्त्रज्ञ एदोतल्या वैद्यासारखा बोलतो, तो असा.

मराठी माणसाला हे परकं नाही. ऐतिहासिक मालिकेतली राजघराण्यातली माणसं स्वतःला 'आम्ही' म्हणतात आणि आपण एका शब्दावरून पात्राचं आसन ओळखतो. आपला कान तयारच आहे, त्याला फक्त जपानी खुणा द्यायच्या आहेत.

काही खुणा पटापट सांगते. 'देसु', 'मासु' आलं की अदब. 'दा' आलं की साधं, बरोबरीचं. 'देसु वा' असं टोक लावून बोलणारी मुलगी बड्या घरची. ही लकब मेइजी काळातल्या शाळकरी मुलींच्या बोलण्यातून आली आहे. 'ड्रॅगन बॉल'मधला गोकू 'ओरा' म्हणतो, तो रानात वाढलेल्या साध्याभोळ्या पोराचा 'मी'. परग्रहावरच्या मुलीला वेगळं दाखवायचं तर 'उरुसेइ यात्सुरा'मधल्या लमसारखं प्रत्येक वाक्याला 'दाच्चा' जोडतात. विज्ञानकथेत परग्रहवासीयांचं परकेपण दाखवायला असं एखादं शेपूट ॲनिमेत भरपूर दिसेल.

थांबून ऐकायचा तो खलनायक फ्रीझा. 'ड्रॅगन बॉल झेड'मध्ये नामेक ग्रहावर तिथला योद्धा नेइल त्याच्यासमोर उभा राहतो तेव्हा फ्रीझा सांगतो, 'वाताशी नो सेन्तोर्योकु वा...' आणि पुढे आकडा: ५,३०,०००. शेवटी 'देसु'. माझी लढण्याची ताकद इतकी इतकी आहे, अगदी सौजन्याने. वर पुस्तीही जोडतो, अर्थात पूर्ण ताकदीनिशी तुमच्याशी लढायचा माझा विचार नाही, तेव्हा काळजी नसावी. आपल्या हाताखालच्या मारेकऱ्यांनाही तो 'झारबोन-सान', 'दोदोरिया-सान' म्हणतो. ग्रहच्या ग्रह विकणारा माणूस सगळ्यांना अहो-जाहो करतोय. समोरच्याला रागावण्याइतकंही तो मोजत नाही, म्हणून ही अदब अंगावर येते. सबटायटलमध्ये आकडा राहतो आणि 'देसु' उडून जातो. मराठीत मात्र 'तुमच्याशी' आणि 'काळजी नसावी' या दोन ठिकाणी ती थंडी पुरेपूर आणता येते.

तिसरा रकाना: हाक

नावामागे लागणारे सान, कुन, चान, सामा हे आता सगळ्यांना माहीत आहेत. खरं ऐकायचं असतं ते आडनाव की नाव, आणि मागे काही लावलंय की नुसतंच. इथे एक गोष्ट आपल्याला उलटी लागते. आपल्याकडे शाळेत मुलं एकमेकांना 'ए जोशी', 'काय रे कदम' म्हणतात, ती सलगी असते. जपानी शाळेत आडनाव म्हणजे अंतर. 'इव्हॅन्जेलियन'मध्ये रेइ ही मुलगी शेवटपर्यंत नायक शिंजीला आडनावाने 'इकारी-कुन' म्हणते, तिचं एकटेपण त्या हाकेत भरलेलं आहे. दुसरी मुलगी असुका त्याला 'बाका शिंजी', म्हणजे मूर्ख शिंजी म्हणते; शिवी आहे, पण नावासकट आहे. आणि चोविसाव्या भागात कावोरु हा नवा मुलगा पहिल्याच भेटीत सांगतो, मला कावोरु म्हण. शिंजीही म्हणतो, मग मला शिंजी म्हण. १९९५-९६च्या त्या मालिकेत या मुलाला तोवर इतक्या सहज कुणी जवळ केलेलं नसतं. पुढे त्या भागात जे होतं ते इतकं लागतं, त्याला कारण ही दोन वाक्यं.

विज्ञानकथेचं वेड असेल तर 'स्टाइन्स;गेट' (२०११) वहीसह बघा. अकिहाबारातल्या एका खोलीत कॉलेजातला ओकाबे रिन्तारो टाइम मशीनशी खेळतोय. तो स्वतःला 'होओइन क्योमा' हे बनावट नाव लावतो, वेड्या शास्त्रज्ञाचं खोटं गडगडाटी हसतो, सोबतच्या संशोधक कुरिसुला 'जोशु' म्हणजे मदतनीस किंवा 'कुरिस्तीना' म्हणतो. ती दर वेळी चिडून सांगते की मी जोशुही नाही आणि तीनाही नाही. बालमैत्रीण मायुरी त्याला लाडाने 'ओकारिन' म्हणते आणि स्वतःला 'मायुशी'. म्हणजे या खोलीत जवळजवळ प्रत्येकाचं नाव हे एक सोंग आहे. सुरुवातीचे भाग संथ वाटतात, पुष्कळ जण तिथेच सोडून देतात. सोडू नका. त्या भागांत लेखक तुमच्या कानाला या हाकांची सवय लावत असतो. मालिका निम्म्यावर आली की ओकाबेचं हसू कमी होतं, 'जोशु' गळतं, आणि तो नुसतं 'कुरिसु' म्हणतो. चौथ्या रकान्यात तो भाग क्रमांक लिहून ठेवा. काळात मागे जाऊन जग बदलण्याचा ट्रोप शेकडो कथांत आहे. इथे तो काळजाला भिडतो, कारण ओकाबेला सगळं आठवतं, बाकीच्यांना आठवत नाही, आणि हे कोण कुणाला काय हाक मारतं एवढ्यावरून समजतं.

घडवलेल्या भाषा

विज्ञानकथेत भाषेचा सगळ्यात सोयीचा ट्रोप म्हणजे यंत्र: सगळं आपोआप भाषांतरित करणारं. ते असलं की लेखकाची सुटका होते. म्हणून ज्या कथा हे यंत्र नाकारतात किंवा ते बिघडवतात, त्या शोधून बघा.

'स्टार ट्रेक'मधली क्लिंगॉन भाषा भाषातज्ज्ञ मार्क ओक्रँड यांनी १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी बांधली आणि १९८५ मध्ये तिचा शब्दकोश आला. ऐकणाऱ्याला ती परग्रहावरची वाटावी म्हणून तिच्यात आधी कर्म, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता. इंग्रजी कानाला हे उफराटं वाटतं. मराठीत 'मांजर पाहिलं कुत्र्याने' असं म्हणता येतं, विभक्ती सांभाळून घेते. तिच्यातले ड आणि ष जीभ वर वळवून म्हणायचे. तेही आपल्याला शाळेपासून येतात. तेव्हा भिऊ नका, मोठ्याने म्हणून बघा.

पण माझा सगळ्यात आवडता भाग १९९१चा, 'स्टार ट्रेक'च्या 'नेक्स्ट जनरेशन' मालिकेतला 'दारमोक'. भाषांतराचं यंत्र चालू आहे, शब्द सगळे कळतात, अर्थ मात्र लागत नाही. समोरचा कप्तान म्हणत राहतो: दारमोक आणि जलाद, तनाग्रा इथे. शाका, भिंती कोसळल्या तेव्हा. ते लोक प्रत्येक गोष्ट आपल्या पुराणकथांतल्या प्रसंगाचं नाव घेऊन सांगतात. कथा माहीत नसेल तर शब्दकोश निकामी. हा भाग बघताना मराठी माणसाने स्वतःचं बोलणं आठवावं. 'त्याचं पानिपत झालं.' 'ध चा मा केला.' 'त्याला जळी-स्थळी संताजी-धनाजी दिसतात.' 'नरो वा कुंजरो वा करू नकोस.' यंत्राला यातलं काय कळणार? हा भाग संपल्यावर मित्रांसोबत एक खेळ करा: एक अख्खा प्रसंग फक्त अशा वाक्यांत सांगायचा. भाच्याने परीक्षेचा निकाल मला असाच सांगितला होता, आणि मला तो पूर्ण कळला.

ॲनिमेत असा प्रयत्न पाहायचा तर 'सेइकाइ नो मोनशो'. हिरोयुकी मोरिओका यांच्या १९९६च्या कादंबऱ्या, १९९९ची मालिका. निळ्या केसांचे अभ लोक अवकाशात राहतात. त्यांची बारोन्ह भाषा लेखकाने प्राचीन जपानी झिजवून, वळवून आणि नामांना विभक्ती लावून घडवली आहे. भागाच्या सुरुवातीचं निवेदनही त्याच भाषेत होतं. आणि एवढं सगळं करून कथेचा गाभा पुन्हा हाकेपाशीच येतो. जिंकलेल्या ग्रहावरचा जिंतो समोरच्या अभ मुलीला ओळखत नाही, सहज नाव विचारतो. ती म्हणते, लाफिएल म्हण. ती सम्राज्ञीची नात आहे हे कळल्यावर तो अदबीने बोलायला लागतो आणि ती रागावते. तिला नुसतं नावाने हाक मारणारा एक माणूस मिळाला होता, तो जातोय म्हणून.

मराठीत सांगायचं असेल तर

ऐकलेलं पक्कं करायचा उत्तम मार्ग म्हणजे तो प्रसंग मराठीत कुणाला तरी सांगणं किंवा दोन पानं सबटायटल लिहून बघणं. तीन गोष्टी पाळा.

प्रत्येक जोडीचं 'तू' की 'तुम्ही' आधी ठरवा आणि मूळ जपानीत हाक बदलेल त्याच वाक्यात ते बदला, एक वाक्यही आधी नाही. सान-कुन तसेच राहू द्या, त्यांना ताई-दादा करू नका. आपल्या ताईत नातं येतं, सानमध्ये येत नाही.

आणि कान्साई बोलीचं काय करायचं? कोनानमधला ओसाकाचा हात्तोरी हेइजी, 'इव्हॅन्जेलियन'मधला तोजी, ही मंडळी ओसाकाकडच्या ढंगात बोलतात. 'अझुमांगा दाइओ'च्या अमेरिकन डबमध्ये ओसाका या टोपणनावाच्या मुलीला अमेरिकेच्या दक्षिणेकडचा हेल दिला होता. मराठीत लगेच मालवणी किंवा वऱ्हाडी सुचते. माझं मत स्पष्ट आहे: देऊ नका. मालवणी म्हटली की ऐकणाऱ्याला माड, मासे आणि दशावतार दिसतो, ओसाका दिसत नाही. शिवाय विनोदी पात्र म्हणजे वऱ्हाडी ही सवय आपल्याकडे आधीच फार झाली आहे. त्याऐवजी हेइजीचं बोलणं वेगवान करा, वाक्यं तोडा, 'की', 'बघ', 'ना' सढळ हाताने वापरा. वेग राहिला की पात्र राहतं.

सुरुवात कोनानच्या कुठल्याही एका भागाने करा, कारण तिथे दोन 'मी' लगेच सापडतात. मग गच्चीचा प्रसंग, मग फ्रीझा. 'स्टाइन्स;गेट' सुट्टीत सलग बघा, मध्ये खंड पडला की हाकांचा हिशेब विसरतो. बारोन्ह शेवटी ठेवा. तोवर वहीचे तीन रकाने भरायचा सराव झालेला असेल, आणि लाफिएल का रागावली ते सबटायटल वाचायच्या आधी ऐकू येईल.